‘साठत नाही’ की ‘टिकत नाही’?

प्रश्न आलाय कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून. तिथल्या संगणकवाल्यानं मालकांना चिठ्ठी दिली : ‘रोज लागणारा डेटा डिस्क कॅशमध्ये साठत नाही.’ हिशेब बघणाऱ्या मावशींनी ती वाचली आणि म्हणाल्या, “कालच तर भरली की बँकेत!” चिठ्ठीतली कॅश म्हणजे रोज लागणारा डेटा पटकन मिळावा म्हणून संगणक हाताशी ठेवतो ती जागा. म्हणून या कॅशला मराठी शब्द हवाय.

दोन्ही कॅश फ्रेंचमधून इंग्रजीत आल्या, पण त्यांची भावकी नाही. रोकडीचं मूळ पैशाच्या पेटीत, तर हिचं ‘काशे’ म्हणजे लपवणे या क्रियापदात. संगणकात ती १९६८ च्या सुमारास आयबीएमच्या मॉडेल ८५ या संगणकासोबत रुळली. त्याआधी १९६५ मध्ये ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी याच कल्पनेला ‘गुलाम स्मृती’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. ते मागं पडलं, बरंच झालं.

मराठीत ‘साठा’, ‘संचय’ सुचवतात. मला नाही पटत. साठा असतो तो माळ्यावर. वर्षाची चटणी कुटून आणली की बरणी माळ्यावर जाते आणि वाटीभर ओट्यावरच्या डब्यात येते. कॅश म्हणजे तो डबा. रिकामा झाला तरी बरणी शाबूत, फक्त दर फोडणीला शिडी चढायची. बोलताना कॅशच म्हणा, लिहिताना ‘कॅशे’ लिहा. उच्चाराचे काटेकोर लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

खरी मेख क्रियापदात आहे. ‘साठत नाही’ म्हणजे आतच येत नाही. तसंही होतं : लिनक्स या संगणकप्रणालीत ‘बीकॅश’ नावाची डिस्क कॅशेची सोय आहे, तिच्यात सलग वाचन ४ एमबीच्या वर गेलं की ते कॅशेला वळसा घालून जातं, मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं. ‘टिकत नाही’ म्हणजे आलं होतं, पण हुसकावलं गेलं. मी वर्कशॉपवाल्यांना विचारलं, संगणक दिवसभर अडतो का? “छे, सकाळी पहिल्यांदा उघडताना. दुपारी पळतंय की!” रात्री काय चालतं? बॅकअप. तो हजारो फायली एकेकदाच वाचतो आणि त्यांनीच डबा भरून जातो. व्हॉल्व्हचं रोजचं ड्रॉइंग बाहेर.

तेव्हा चिठ्ठी अशी हवी : ‘रात्रीच्या बॅकअपमुळे रोजच्या फायली डिस्क कॅशेत सकाळपर्यंत टिकत नाहीत.’ दुरुस्ती कुठं करायची, तेही त्यातच आलं.