नळदुर्ग, पाणी नसताना

प्रश्न : दरवर्षी नळदुर्गचा धबधबा सुरू झाला की आम्ही मित्र कॅमेरे घेऊन जातो. परवा पाच वर्षांचे फोटो एकत्र पाहिले, तर सगळे एकाच दिवशी काढल्यासारखे वाटले. पाणी पांढरंफटक, दगड राखाडी. किल्ला डोळ्यांना एवढा दिसतो, मग फोटोत का उतरत नाही? कोणत्या महिन्यात, किती वाजता जावं?
– एक वाचक, उमरगा

उत्तर : उमरग्याहून नळदुर्ग एकाच रस्त्यावर, तासाभराची वाट. तरी तुम्ही वर्षातून एकदाच जाता, म्हणून जरा रागावूनच लिहितो. पाच वर्षांत तुम्ही पाच वेळा पाणी पाहिलंत. किल्ला बघायचा राहिलाच आहे.

आधी राखाडी दगडाचं बघू. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मधल्या राखाडीवर आणून बसवतो. समोर काळी भिंत आली की त्याला वाटतं अंधार पडलाय, म्हणून तो उजेड वाढवतो. मग आपला काळा बेसाल्ट सिमेंटसारखा दिसतो आणि आधीच पांढरं असलेलं पाणी जळून जातं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत शिरणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली घ्या; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. ही अक्कल मला फुकट आलेली नाही. तुळजापुरात माझा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता तेव्हा पदरचे पैसे घालून ट्रान्सपरन्सीचा, म्हणजे स्लाइड फिल्मचा, एक रोल नळदुर्गला नेला. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम राखाडी. लॅबवाल्याशी भांडूनही आलो, चूक माझी असताना.

आता पाणी. वरचं बोरी धरण भरून वाहू लागलं की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन्ही धबधबे कोसळतात. आपल्याकडं परतीचा पाऊस चांगला झाला तर सप्टेंबरात हा योग येतो. काही वर्षी येतच नाही. त्या दिवसांत ढगाळ सकाळ सोन्यासारखी. कडक ऊन पडलं की ओला दगड आरशासारखा चमकतो. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर असेल तर ती चमक बरीच मरते. ट्रायपॉडवर अर्ध्या सेकंदाचं शटर ठेवलंत तर पाण्याचा पदर दिसेल, त्याहून लांब ठेवलंत तर कापूस. लेन्स पुसायला जुनं सुती धोतर न्या, बाजारातल्या फडक्यांपेक्षा बरं.

पाणी महाल हा वेगळा मामला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बंधारा घालून किल्ला आणि पलीकडचा छोटा किल्ला रणमंडळ जोडले आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल बसवला. आत उभं राहायचं, बाहेर पाण्याचा पडदा. आत काळोख, बाहेर लख्ख उजेड. दोन्ही एका फोटोत येत नाहीत. पाण्यावर एक्स्पोजर ठरवा आणि कमान काळी पडू द्या. फ्लॅश मारू नका, हवेतले तुषार पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात.

हे झालं फार तर महिनाभराचं. उरलेल्या अकरा महिन्यांसाठी एकच जागा धरा. मी नवबुरूज धरला. नऊ पाकळ्यांचा बुरूज, त्यामुळं ऊन कुठूनही येवो, एखादी पाकळी उजेडात, तिची शेजारीण सावलीत असते. डिसेंबरात सकाळी आठला एक पाकळी अर्धी उजळते. जूनमध्ये त्याच वेळी त्याच दगडावरून बघाल तर सावली तिथं नसते. याचं कारण साधं आहे. आपल्या भागात सूर्य उगवायची जागा ठीक पूर्वेच्या दोन्ही बाजूंना साधारण २५-२५ अंश सरकते. म्हणजे वर्षभरात जवळपास ५० अंशांचा झोका. एखाद्या भिंतीला हिवाळ्यात चाटून जाणारं तिरपं ऊन उन्हाळ्यात तसं पडतच नाही. मार्गशीर्ष-पौषात तर भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच राहतो, त्यामुळं दिवसभर सावल्या मिळतात. पौष पौर्णिमेला मात्र इथल्याच मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा असते. दर्शनाला या, फोटोला दुसऱ्या दिवशी.

मार्च-एप्रिल मला आवडत नाही. आभाळ धुळीनं पांढुरकं होतं. गेलातच तर आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका.

मे महिन्यातली दुपार टाळा असं सगळे सांगतात, मीही कित्येक वर्षं सांगत होतो. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते त्या उन्हाळ्यात, मी नळदुर्गला गेलो. नदीत चिखलसुद्धा नव्हता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथं मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. ते ऊन बंधाऱ्याच्या उभ्या तोंडावरून सरळ खाली घसरत होतं. जो दगड बोटभर पुढं आलाय त्याच्याखाली हातभर सावली. थरावर थर, सांध्यावर सांधे, छिन्नीचे घाव, आणि नर-मादीच्या वाटेवर पाण्यानं सोडलेले डाग. सप्टेंबरात जे सगळं फेसाखाली असतं ते त्या वीसेक मिनिटांत दिसलं. टोपी विसरलो होतो, घरी येऊन दोन दिवस ताप भोगला. पण माझ्या बैठकीत नळदुर्गचा जो एकच फोटो लावलाय, तो त्या दुपारचा.

जाता जाता : मेडोज टेलर हा इंग्रज लेखक १८५३ पासून काही वर्षं अधिकारी म्हणून नळदुर्गला राहिला. चित्रंही काढायचा तो. मला त्याचा हेवा त्याच्या हुद्द्यापायी वाटत नाही, त्याला सगळे ऋतू घरबसल्या मिळाले म्हणून वाटतो. तुम्हाला उमरग्याहून निदान महिन्यातून एक रविवार जमायला हरकत नाही. डिसेंबरातला एक फोटो मला पाठवा. त्यात पाणी नको.

प्रश्न : माझ्याकडं कॅमेरा नाही, मोबाईलवर किल्ल्याचे फोटो चांगले निघतील का?
– एक वाचक, औसा

उत्तर : निघतील. स्क्रीनवर उजळ भागावर बोट ठेवा, सूर्याचं चिन्ह येईल ते खाली ओढा. काळा दगड काळा राहील. बोटांनी झूम करू नका, चार पावलं पुढं चाला. आणि पाणी महालाच्या खिडकीतून मोबाईल धरलेला हात बाहेर काढू नका. माझ्या पुतण्याचा मोबाईल अजून बोरीतच आहे.