सुझोऊची नोकरी, युआनचा पगार: बचत तिथे ठेवू की घरी पाठवू?

तुमचा प्रश्न असा, की चीनमधल्या सुझोऊच्या कंपनीत पगार युआनमध्ये मिळेल आणि युआन डॉलरची जागा घेणार असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं, तर बचत तिथेच राहू द्यावी का. मी शांघायमध्ये नोकरी करते. माझं मत विचाराल तर खर्चापुरतं ठेवा, बाकीचं घरी पाठवा.

युआनचं वजन वाढलंय हे खरं. 2016 पासून तो आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआरमध्ये, म्हणजे निवडक मोठ्या चलनांच्या टोपलीत आहे, आणि रशिया-चीन व्यापार आता बराचसा डॉलरशिवाय चालतो. पण जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत त्याचा वाटा 2 टक्क्यांच्या आसपास, डॉलरचा अजून निम्म्याहून जास्त. बीजिंगला जगभर वापरलं जाणारं चलन हवंय, पण पैसा मोकळेपणाने बाहेर जाऊ द्यायचा नाही. दोन्ही कसं जमणार? मध्यवर्ती बँक रोज सकाळी डॉलरचा दर जाहीर करते, आणि देशातला भाव त्याच्या 2 टक्के वर-खालीच हलू शकतो. चिनी नागरिकाला वर्षाला 50,000 डॉलरइतकंच परकीय चलन सहज घेता येतं.

आपल्यासारख्या परदेशी नोकरदारांना कर भरलेल्या पगारापुरती ही मर्यादा नाही, मात्र कागद चोख हवेत: पासपोर्ट, वर्क परमिट, नोकरीचा करार, कर भरल्याचा दाखला. खरी गंमत नावाची. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. बँकेत एक मोकळी जागा चुकली, की वीचॅट पे (तिथलं मोबाइलवरून पैसे देण्याचं अ‍ॅप) जोडलं जात नाही आणि कराच्या दाखल्यावरचं नाव खात्याशी जुळत नाही. खातं उघडतानाच स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

'मला इथे युआन दे, तुझ्या घरी पुण्यात रुपये पोचवतो' म्हणणारे भेटतीलच. त्यांच्या नादी लागू नका. हा सरळसरळ हवाला आहे, खातं गोठवलं गेलं तर पगारही अडकतो.

पैसे युआनमधून डॉलरमध्ये आणि मग रुपयात, असे दोनदा बदलतात, म्हणून दर महिन्याला थोडे थोडे पाठवण्यापेक्षा साठवून पाठवा, एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं). व्याजावर भारतात कर नाही. रुपयाची धास्ती वाटत असेल तर एफसीएनआर ठेव, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीची परकीय चलनातली मुदत ठेव, डॉलरमध्ये ठेवता येते.

आणि हो, ऑफर लेटरवरचा आकडा कर कापण्याआधीचा की नंतरचा, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या. चीनमध्ये पगारावरच्या कराचा सर्वात वरचा टप्पा 45 टक्क्यांचा आहे.