रोज हिंजवडी आणि सुट्टीला वेल्ह्यापलीकडची वाट: एकच मोटारसायकल कोणती घ्यावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: कोथरूडहून हिंजवडीला रोजची ये-जा आहे, महिन्यातून एक-दोनदा वेल्ह्याच्या पलीकडच्या कच्च्या वाटांवर भटकायचे आहे आणि पुढेमागे एकदा हिमाचलातल्या स्पितीलाही जायचे आहे, हे सगळे एकाच गाडीवर व्हायला हवे. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६२ किलो, फिरणे बहुतेक एकट्याने. रॉयल एन्फील्डची हिमालयन ४५०, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि हिरोची एक्सपल्स या तीन गाड्या मनात आहेत आणि मित्रमंडळी तिन्हींबद्दल परस्परविरोधी सल्ले देत आहेत. माझे मत आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे मांडतो. तुम्ही एक्सपल्स घ्यावी, असे मला वाटते.

दोन्ही प्रकारच्या रस्त्यांसाठी गाडी निवडताना बहुतेक लोक इंजिनाच्या ताकदीपासून सुरुवात करतात आणि तिथेच निवडीची दिशा चुकते. तुमच्या एकूण धावेतला फार मोठा भाग डांबरावरच होणार, यात शंका नाही. पण डांबरावर या तिन्ही गाड्या तुम्हाला नीट नेऊन आणतील. एखादी थोडी कमी वेगाने नेईल, एखादीच्या सीटवर दोन तासांनी पाठ भरून येईल, इतकाच काय तो फरक. कच्च्या वाटेवर मात्र चुकीच्या गाडीची किंमत वेगळी असते. तिथे गाडी आडवी झाली, उचलता आली नाही, मोबाईलला रेंज नाही आणि वस्ती दोन तास चालण्याच्या अंतरावर असेल, तर इंजिनाची ताकद काहीही कामाची नसते. म्हणून ज्या सर्वांत वाईट पट्ट्यातून तुम्ही खरोखर आणि एकट्याने जाणार आहात, तो पट्टा डोळ्यांसमोर आणून गाडी निवडावी.

सह्याद्रीत हा पट्टा कसा असतो, ते पाहा. पावसाळ्यात जीप आणि ट्रॅक्टर गेल्याने वाटेला दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गवताने झाकलेला राहतो. आपण चाकोरीतून जायचे ठरवतो, पुढचे चाक लाल चिकण मातीच्या कडेला घासते, वर चढण्याऐवजी घसरते आणि गाडी उताराच्या बाजूला पडते. म्हणजे चाके वर आणि हँडल खाली. अशी पडलेली गाडी उचलणे सपाटीवरच्या गाडीपेक्षा कितीतरी अवघड असते. आधी इंजिन बंद करायचे, शक्य असेल तर पुढचे टोक धरून गाडी जमिनीवरच फिरवायची आणि चाके उताराच्या बाजूला आणायची, गाडी गिअरमध्ये आहे ना ते पाहायचे, म्हणजे ती उभी राहताच घरंगळणार नाही. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडून ठेवायचा. मग सीटला पाठ लावून, एका हाताने हँडलचे टोक आणि दुसऱ्या हाताने मागची पकड धरून, पाठीचा कणा सरळ ठेवत पायांच्या जोरावर लहान लहान पावले मागे टाकत गाडी उभी करायची. हे सगळे चिखलात, बूट सरकत असताना, आणि बहुधा त्याच दिवसात दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा करायचे असते.

आता वजने पाहा. हिमालयन ४५० पेट्रोल भरून १९६ किलोंची आहे आणि सामान बांधले की ती सहज २०० च्या पुढे जाते. व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोंची, एक्सपल्स २०० ४व्ही १६० किलोंच्या थोडी आत आणि नवी एक्सपल्स २१० साधारण १७० किलोंची. तुमचे स्वतःचे वजन ६२ किलो असताना २५ ते ३५ किलोंचा हा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. पहिल्यांदा उचलताना तो जाणवणार नाही; तिसऱ्यांदा उचलताना नक्की जाणवेल, आणि हात थरथरायला लागल्यावर माणूस पुढच्या चढावर पुन्हा पडतो. शोरूममध्ये कोणी गाडी आडवी करू देणार नाही, म्हणून ज्याच्याकडे यांपैकी एखादी गाडी आहे अशा ओळखीच्या माणसाला विनंती करून गवतावर हा प्रयोग जरूर करा. निवडीपूर्वी एकच चाचणी करायची असेल, तर मी टेस्ट राइडच्याही आधी ही करीन.

वजनानंतर चाकांचा विचार करावा. पुढचे चाक २१ इंचांचे असेल तर ते दगडावर किंवा खड्ड्याच्या कडेवर कमी तीव्र कोनात चढते, त्यामुळे हँडलला बसणारा झटका कमी होतो आणि चाक अडखळण्याऐवजी ओलांडून जाते. हिमालयन ४५० आणि एक्सपल्स या दोघींचे पुढचे चाक २१ इंचांचे आहे, व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे १९ इंचांचे. याची दुसरी बाजूही आहे. २१ इंची चाक वळणात थोडे सुस्त वाटते, टायर अरुंद असतो आणि ताम्हिणीत पावसात उतरताना जोराने पुढचा ब्रेक मारण्याचा विश्वास १९ इंची चाकावर अधिक वाटतो. त्यातच स्पोकची (तारांची) चाके आणि अलॉय (एकसंध ओतीव) चाके यांचा प्रश्न येतो. स्पोकचे चाक दगडाचा मार सोसून थोडे लवते आणि रिम वाकली तरी तालुक्याच्या गावात ती सरळ करून देणारा कारागीर सापडतो. अलॉय मात्र वाकले किंवा त्याला तडा गेला की बहुधा बदलावेच लागते. उलट, स्पोकच्या चाकात सहसा ट्यूब असते आणि पंक्चर झाले की चाक काढून, टायर उचकटून ट्यूब बदलावी लागते, तर अलॉयच्या ट्यूबलेस टायरच्या भोकात पंक्चरची रबरी दोरी घालून दहा मिनिटांत पुढे जाता येते. हिमालयन ४५० ला ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय आहे आणि ती तिची मोठी जमेची बाजू आहे. एक्सपल्स घेतलीत तर घरच्या अंगणात एकदा संपूर्ण चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव करा, आणि पुढची ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप गाडीवर कायम ठेवा; पुढची ट्यूब अडचणीच्या वेळी मागच्या टायरमध्येही भागवून नेते.

सीटच्या उंचीबद्दल तुम्हाला काळजी वाटते आहे, आणि ती रास्त आहे. एक्सपल्सची सीट ८२५ ते ८३० मिलिमीटर आहे, हिमालयन ४५० ची ८२५ असून ती ८४५ पर्यंत वाढवता येते, व्ही-स्ट्रॉमची ८३५. म्हणजे उंचीच्या बाबतीत या तिघींत निवड करण्यासारखे फारसे काही नाही. एक्सपल्सची प्रो आवृत्ती मात्र सरळ बाजूला ठेवा. २०० ४व्ही प्रोची सीट ८९१ मिलिमीटर उंच आहे आणि ती ज्यांना सस्पेन्शनच्या २५० मिलिमीटर प्रवासाचा खरोखर उपयोग आहे, अशा स्पर्धकांसाठी आहे. उंची आणि सस्पेन्शनचा प्रवास या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. चाकाला वर-खाली व्हायला जितकी जागा द्यावी, तितकी सीट वर जाते. म्हणून गॅरेजवाला मागच्या शॉकअपची लिंक बदलून गाडी खाली बसवून देतो म्हणाला, तर नम्रपणे नकार द्या. त्याने इंजिनाखालची जागा घटते, मागचा भाग खाली बसल्याने पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ज्या गुणासाठी गाडी घेतली तोच निघून जातो. सीटचा फोम दोन्ही कडांनी थोडा कापून घेणे हा अधिक चांगला मार्ग आहे. शिवाय कच्च्या रस्त्यावर दोन्ही पाय पूर्ण टेकण्याची गरज नसते. थांबण्यापूर्वी कोणत्या बाजूला जमीन उंच आहे ते पाहून तोच पाय टेकण्याची सवय लागली की उंचीचा प्रश्न बराचसा सुटतो.

कच्च्या वाटेवर बराच वेळ फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहून गाडी चालवायची असते, याचा विचार खरेदीच्या वेळी फार कमी लोक करतात. शोरूममध्ये कोणाला तरी गाडी धरायला सांगा आणि पायांत ट्रेकिंगचे बूट घालून फुटपेगवर उभे राहा. गुडघे किंचित वाकलेले असताना हँडल हातात सहज यायला हवे, त्यासाठी कमरेत वाकावे लागू नये. टाकीचा मागचा भाग गुडघ्यांत धरता यावा आणि बूट गिअरच्या लिव्हरखाली अडकू नये.

आता ताकद. एक्सपल्स २०० ४व्हीची ताकद १९ हॉर्सपॉवरच्या आसपास आहे, २१० ची साडेचोवीसच्या जवळ, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची साडेसव्वीस आणि हिमालयन ४५० ची ४०. २०० ४व्ही ताशी ८० किलोमीटरला निवांत असते आणि ९० च्या पुढे तिची दमछाक जाणवते, हे खरे आहे. पण तुमच्या रस्त्यांचा विचार करा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे, समृद्धी महामार्गावरही आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, भोर-वरंध्याच्या घाटात किंवा चांदणी चौकातून हिंजवडीला जाताना ताशी ८० च्या वर सातत्याने चालवण्याची जागाच कुठे आहे? सातारा-कोल्हापूर महामार्गावर तुम्ही दर आठवड्याला जाणार असता, तर माझे उत्तर बदलले असते. कच्च्या चढावर लागते ती ताकद वेगळी असते: कमी फेऱ्यांत इंजिन न गुदमरता ओढणारा पहिला गिअर आणि हलका, समजूतदार क्लच. त्या कसोटीवर लहान इंजिन नवशिक्याला अधिक माफ करते, कारण थ्रॉटल थोडा जास्त फिरला तरी मागचे चाक एकदम सुटत नाही.

स्पितीच्या बाबतीत मात्र मोठ्या इंजिनाची बाजू खरोखर भक्कम आहे. स्पितीच्या वाटेवरची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने एक तृतीयांशाहून अधिक घटलेली असते आणि टर्बो नसलेल्या कोणत्याही इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात कमी होते. म्हणजे १९ ची १२ वर येते आणि ४० ची २५ वर. एकटा, हलका चालक आणि मोजके सामान असेल तर लहान गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढून जाते. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा असतील तर तिथे हिमालयन ४५० च हवी. तुम्ही एकटेच जाणार असे लिहिले आहे, आणि आयुष्यात एकदा होणाऱ्या प्रवासासाठी वर्षभर दर महिन्याला २५-३० किलो जास्त ओझे सांभाळणे मला पटत नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे आणि डांबरावर ते जीव वाचवते. पण सुट्या खडीच्या तीव्र उतारावर मागचे एबीएस सतत ब्रेक सोडत राहते आणि गाडी थांबतच नाही असे वाटते. तिथे ते बंद करता यायला हवे. हिमालयन ४५० मध्ये ही सोय आहे, एक्सपल्स २०० ४व्हीला एबीएस केवळ पुढच्या चाकाला आहे, आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे बंद करता येत नाही. व्ही-स्ट्रॉम ही उत्तम गाडी आहे, रोजच्या प्रवासाला तर तिघींत ती सर्वांत आरामदायी आहे; पण १९ इंची अलॉय आणि हे एबीएस पाहता तिची मर्यादा गावच्या खडीच्या रस्त्यापर्यंतच, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशांचे गणितही बदललेले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे हिमालयन ४५० आणि बाकीच्या दोघींतली दरी रुंदावली आहे. २०० ४व्ही आणि २१० यांत निवड करायची झाली तर रोजच्या हिंजवडीसाठी आणि महामार्गासाठी २१० घ्या. तिचे इंजिन पाण्याने थंड होणारे आहे, म्हणून रेडिएटरला जाळीचा गार्ड मात्र पहिल्या आठवड्यातच बसवा.

वाचलेल्या पैशातला काही भाग गाडीवर नव्हे, स्वतःवर खर्च करा. घोटा झाकणारे आणि टाच टणक असलेले बूट, गुडघ्यांचे गार्ड आणि चांगले हेल्मेट या गोष्टी नंतर घेऊ म्हणणाऱ्यांच्या त्या सहसा घेऊन होत नाहीत. गाडीसाठी इंजिनाखालची धातूची बॅश प्लेट आणि हातांचे गार्ड पुरेत. टायर लगेच बदलू नका. मूळ टायर झिजेपर्यंत त्यांवरच शिका. कच्च्या वाटेला लागताना हवा थोडी कमी करा, पण ट्यूबच्या टायरमध्ये २० पीएसआयच्या फार खाली जाऊ नका, नाहीतर दगडावर आपटल्यावर रिम आणि दगड यांमध्ये ट्यूब चिमटते आणि तिला दोन भोके पडतात. परत डांबर लागले की हवा पूर्ववत भरा.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वाट म्हणजे जिथे आधीपासून चाकांची वाट आहे तीच. कास आणि आसपासचे सडे (कातळाची पठारे), गडांचे माथे आणि वनखात्याच्या हद्दीतल्या पायवाटा यांवर गाडी घालू नका. सड्यावरचा मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. टायर एकदा फिरला की तिथली वनस्पती पुढच्या पावसातही उगवत नाही. आषाढात भातखाचरांचे बांध ओले असतात आणि त्यांवरून गेलेली एक गाडी शेतकऱ्याचे दिवसभराचे काम वाढवते. अशा एका-दोघांमुळे गावकरी वाट बंद करतात आणि मग ती सगळ्यांसाठीच बंद होते.

सीटचा फोम किती कापावा लागेल, हे नुसत्या उंचीवरून सांगता येत नाही. भिंतीला पाठ लावून, बूट घालून उभे राहा, जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा आणि ते इथे लिहा, म्हणजे त्याबद्दल नेमके सांगता येईल.