आर्चटॉप गिटारचा व्हॉल्यूम पॉट बदलताना

आर्चटॉपचा, म्हणजे फुगीर टॉपच्या गिटारचा, आवाजाचा नॉब फिरवताना खरखर आली म्हणून लगेच पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) बदलायला घेऊ नकोस. बेळगावचा पाऊस तुला माहीतच आहे, दमट हवेत पॉटच्या आत घाण धरते. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मार आणि नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. तरीही आवाज मध्येच गायब होत असेल तर मात्र बदल.

पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा असेल तर सहसा ५०० के (किलोओहम), सिंगल कॉइलला २५० के, आणि लॉग टेपरचाच घे, म्हणजे आवाज कानाला एकसारखा वाढत जातो. खडेबाजारात जाताना जुन्या पॉटच्या शाफ्टचं (नॉब बसतो त्या दांड्याचं) माप सोबत ने. बुश (शाफ्टभोवतीची आट्यांची नळी) जाड निघाला तर भोक मोठं करावं लागतं, आणि कोरीव टॉपवर ड्रिल लावलेलं मला बघवत नाही.

तारा सोडण्याआधी ब्रिजच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लाव. ब्रिज बहुधा चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो. जागा हरवली की इंटोनेशन (सुरांचा अचूकपणा) गेलंच.

आता खरी मेख. अशा गिटारला बहुतेक वेळा मागे झाकण नसतं, सगळा कारभार एफ-होलमधून, म्हणजे टॉपवरच्या f आकाराच्या भोकातून. नट काढण्याआधी शाफ्टला लांब, मजबूत दोरा गच्च बांध, मगच पॉट आत ढकल आणि एफ-होलमधून बाहेर काढ. दोऱ्याचं दुसरं टोक पॉटच्या भोकाबाहेरच राहू दे. त्यालाच नवा पॉट बांधून जागेवर ओढून घ्यायचा. मी एकदा दोरा बांधला नव्हता, अख्खा रविवार गेला.

डाग (सोल्डर) द्यायच्या आधी जोडण्यांचा फोटो काढ, टॉपवर जाड कापड पसर. टेलपीसला (तारांची मागची टोकं धरणाऱ्या भागाला) जाणारी बारीक वायर जप, ती सुटली तर गुणगुण सुरू होते. तारा चढवण्याआधी अँपला जोडून पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवून आवाज येतो का बघ.