कीर्तनाच्या व्हीसीडीवरून घरी केलेल्या डीव्हीडीत आवाज आणि चित्र एकमेकांपासून का सरकतात? त्यातला आवाज वेगळा कसा काढायचा?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात उपयोगाची ओळ तुम्ही अगदी शेवटी लिहिली आहे: कीर्तनाच्या भागात आवाज ओठांच्या आधी येतो आणि मोबाईलच्या भागात तो उशिरा येतो. बाकी तुमची हकिगत मला अशी कळली. आजोबांच्या कीर्तनाच्या तीन व्हीसीडी (व्हिडिओ भरलेल्या जुन्या सीडी) आहेत, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे मोबाईलवरचे व्हिडिओ आहेत. सगळं आधी कुठल्याशा कन्व्हर्टरमधून एमपीफोर करून घेतलंत आणि मग त्याची एक डीव्हीडी केलीत, गावी आजीच्या जुन्या प्लेअरवर लावण्यासाठी. शिवाय कीर्तनाची एमपीथ्री काढली तर ती अर्ध्यातच संपते.

एकाच डिस्कवर आवाज दोन उलट्या दिशांना सरकतोय, म्हणजे दोष दोन आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. आवाज अमुक मिलिसेकंद पुढे-मागे करायचं जे सेटिंग असतं, त्याने यातलं काहीच बरं होणार नाही. ते सेटिंग पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल तेव्हासाठी आहे. तसा कायम फरक बऱ्याचदा डिस्कमध्ये नसतोच. नवा एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला थोडा वेळ घेतो, आणि प्लेअरचा आवाज परस्पर होम थिएटरला जोडलेला असला की तो चित्राच्या आधी पोचतो. तुमचा फरक मात्र वाढत जातोय.

मी लग्नामुंजींच्या शूटिंगचं एडिटिंग करायचो आणि आता लोकांच्या कॅसेटी, सीडी उतरवून देतो. त्या अनुभवावरून सांगतो: ते केलेले एमपीफोर बाजूला ठेवा. त्यांच्यावर काहीही दुरुस्ती करू नका. मूळ डिस्क आणि मोबाईलमधल्या मूळ फायली तुमच्याकडे आहेत ना, मग तिथूनच सुरुवात करायची.

आधी कीर्तनाचं बघू, कारण ते पुन्हा चित्रित होणार नाही.

व्हीसीडीचं मानक १९९३ सालचं. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत त्यात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं), एमपीईजी-१ प्रकारात ११५० केबीपीएसने (सेकंदाला इतके किलोबिट) भरलेलं असतं. आवाज एमपीटू प्रकारचा, ४४.१ किलोहर्ट्झ, २२४ केबीपीएस. चित्राची आणि आवाजाची छोटी छोटी पाकिटं एकाआड एक लावलेली असतात आणि कुठलं पाकीट केव्हा वाजवायचं याच्या वेळेची नोंद सोबत असते. आता अडचण इथे आहे. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे सीडीवरच्या एका छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत, वाचताना झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठीची जादा माहिती असते. व्हीसीडीत ही जादा माहिती काढून तिथेही व्हिडिओच भरला आहे, सेक्टरमागे २३२४ बाइट. त्यामुळेच ८० मिनिटांच्या सीडीवर ८० मिनिटांचा व्हिडिओ मावतो. पण त्यामुळेच जो ओरखडा डेटा सीडी सहज पचवते, त्याच ओरखड्यावर व्हीसीडी अडते.

अशा ठिकाणी चित्राची काही पाकिटं हरवतात, आवाजाचीही हरवतात. कन्व्हर्टर चित्राची भोकं भरून काढतो, कारण त्याला सेकंदाला २५ फ्रेम पुऱ्या करायच्याच असतात. आधीची फ्रेम तो पुन्हा लावतो. आवाजाचं मात्र बरेच फुकटचे कन्व्हर्टर तसं करत नाहीत. वेळेची नोंद न बघता उरलेले तुकडे एकापुढे एक चिकटवतात. दोन सेकंद आवाज हरवला की तिथून पुढचं सगळं दोन सेकंद आधी वाजतं. पुढच्या ओरखड्यावर आणखी. म्हणून तुमच्याकडे आवाज ओठांच्या पुढे पळतोय. खात्री करायची असेल तर चित्रात चौकोन पडतात किंवा ते क्षणभर गोठतं, त्या जागा शोधा आणि प्रत्येक जागेच्या आधी व नंतर ओठ बघा. फरक हळूहळू न वाढता त्या जागांवरच उडी मारत असेल, तर निदान पक्कं. एमपीथ्री अर्ध्यात संपते त्याचंही कारण बहुतेक हेच: वाचता न येणाऱ्या सेक्टरशी आल्यावर प्रोग्रॅमने काम थांबवलं आणि तोवर झालेली फाईल तुम्हाला दिली.

म्हणून पहिलं काम डिस्क नीट उतरवून घेण्याचं. मऊ सुती कापडाने मध्यातून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. छापील बाजूही जपा. सीडीत माहितीचा थर त्या बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे तिथला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक. मग एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधली डॅट फाईल विंडोजमध्ये उचलून टाकण्याऐवजी आयसोबस्टरसारख्या प्रोग्रॅमने काढा. खराब सेक्टरवर तो थांबून बसत नाही, त्या जागी रिकामे बाइट भरून पुढे जाऊ शकतो, आणि व्हीसीडीतला एमपीईजी प्रवाह वेगळा काढून देण्याची सोय त्यात आहे. एका ड्राइव्हमध्ये अडलं तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एकाला न वाचता आलेला भाग दुसऱ्याला वाचता येतो, हे मी कितीदा तरी बघितलं आहे. घाई करू नका. ही फाईल मिळाली की तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा आणि मगच पुढे जा.

आता एक गोष्ट जी फार थोड्यांना माहीत असते. डीव्हीडीच्या मानकात व्हीसीडीचं चित्र जसंच्या तसं चालतं. ३५२ बाय २८८, एमपीईजी-१, २५ फ्रेम: हे सगळं डीव्हीडी-व्हिडिओत मान्य आहे. चालत नाही तो फक्त आवाज, कारण डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झ लागतो आणि व्हीसीडीत ४४.१ असतो. म्हणजे तुम्ही कीर्तनाचं चित्र आधी एमपीफोर आणि मग एमपीईजी-२ असं दोनदा दाबलंत त्याची गरजच नव्हती. आधीच धूसर असलेल्या चित्राचं त्यात नुकसान झालं. डीव्हीडीस्टाइलर या मोफत प्रोग्रॅममध्ये व्हिडिओसाठी ‘कॉपी’ निवडा आणि आवाज तेवढा एसी-३ (डीव्हीडीत चालणारा आवाजाचा प्रकार), ४८ किलोहर्ट्झ करून घ्या. डीव्हीडीवर मोबाईलचा भाग ७२० बाय ५७६ चा होणार, म्हणून तो वेगळ्या टायटलसेटमध्ये, म्हणजे डीव्हीडीतल्या वेगळ्या गटात, टाका. एका टायटलसेटमध्ये दोन मापांची चित्रं चालत नाहीत.

ओरखड्यांमुळे आवाजात पडलेले खड्डे भरण्यासाठी एफएफएमपेग या आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅममधला ए-रीसँपल हा फिल्टर वापरा आणि त्याच्या ‘असिंक’ या पर्यायाला १ किंमत द्या. वेळेच्या नोंदीत खड्डा दिसला की तो तेवढीच शांतता भरतो, आणि पुढचा आवाज आपल्या जागेवर राहतो. अभंगाच्या मध्ये अर्धा-पाऊण सेकंद गप्प झालेलं ऐकू येईल. ते राहू द्या. त्या जागी इकडचा तिकडचा सूर चिकटवण्यापेक्षा ते बरं.

मोबाईलच्या भागाचं कारण अगदी वेगळं आहे. फोन सेकंदाला ठरावीक ३० फ्रेम घेतोच असं नाही. उजेड कमी झाला की तो एकेका फ्रेमला जास्त वेळ देतो आणि फ्रेमची संख्या घटते. हॉलमध्ये दिवे मालवून औक्षण चालू असताना हे हमखास होतं. फाईलमध्ये प्रत्येक फ्रेमची खरी वेळ नोंदलेली असते. पण कन्व्हर्टरने ती न बघता सरसकट ३० धरले, की चित्र भराभर संपतं आणि आवाज मागे राहतो. सरासरी २९.५ फ्रेम असलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ असा मोजला तर चित्र दहा सेकंद आधी संपेल. फरक कानाला सहज कळतो, सेटिंगमध्ये मात्र सगळं बरोबर दिसतं, म्हणून माणूस हैराण होतो.

मीडियाइन्फो हा छोटा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि मोबाईलमधली मूळ फाईल त्यात उघडा. ‘फ्रेम रेट मोड’ समोर ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं असेल तर हेच आहे. मूळ म्हणजे खरोखर मूळ. व्हॉट्सॲपवरून आलेली नको, तिथे ती एकदा दाबली गेलेली असते. ज्या भाच्याने किंवा जावेने चित्रण केलं त्यांच्याकडून पेनड्राइव्हवर मागून घ्या. ती फाईल थेट डीव्हीडीस्टाइलरला द्या, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. तरीही सरकलं, तर मध्ये एकदाच हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून काढा: फ्रेम रेट २५, त्याखाली ‘कॉन्स्टंट’, आवाज ४८ किलोहर्ट्झ, आणि दर्जा चढा ठेवा, फाईल मोठी झाली तरी चालेल. ३० वरून २५ वर येताना चालणारी माणसं किंचित अडखळल्यासारखी दिसतील. पाल डीव्हीडीत ते टळत नाही. उभे धरून घेतलेले व्हिडिओ ताणून आडवे करू नका, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या.

जागेचा हिशेब तुमच्या बाजूने आहे. व्हीसीडीचं चित्र आणि आवाज मिळून तासाला साधारण ६२० एमबी होतात. तीन तासांचं कीर्तन धरलं तरी दोन जीबीच्या आत. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मोबाईलच्या भागाला पावणेतीन जीबी उरतात, म्हणजे ६ एमबीपीएसने सुमारे तासभर. मानकात चित्राला ९.८ एमबीपीएसपर्यंत परवानगी आहे, पण घरी राइट केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर इतक्या वेगाला अडखळतात. कमाल ८ च्या वर जाऊ नका.

आता एमपीथ्रीचं. व्हीसीडीतला एमपीटू आवाज हा आधीच दाबलेला आहे. तो आहे तसाच, काहीही न बदलता, वेगळी फाईल म्हणून काढता येतो. एफएफएमपेगमध्ये आवाजासाठी ‘कॉपी’ दिलं की झालं. तुमच्या घरातली जपून ठेवायची प्रत ती. एमपीथ्री ही नातेवाइकांना पाठवायची प्रत. खड्डे भरायचे असतील तर मात्र आवाज उलगडावा लागतो, तेव्हा तो फ्लॅक किंवा वेव्हमध्ये (या प्रकारांत दर्जा घटत नाही) साठवा आणि त्यावरून शेवटी एकदाच एमपीथ्री करा, १९२ केबीपीएस किंवा वर.

ही फाईल ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर आधी डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळा ऐका. त्या काळी शूटिंगवाले बऱ्याचदा एका चॅनेलला मंडपातल्या मिक्सरची वायर जोडायचे आणि दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा माइक असायचा. मिक्सरच्या बाजूला बुवांचा आवाज स्वच्छ असतो, कॅमेऱ्याच्या बाजूला मंडपाचा घुमारा आणि पुढे बसलेल्यांच्या गप्पा. दोन्ही मिसळून मोनो केलं तर शब्द गढूळ होतात. स्वच्छ बाजू निवडा आणि तीच दोन्हीकडे ठेवा. दुसरी बाजूही फेकू नका. ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर आणि श्रोत्यांची दाद तिच्यावरच जास्त चांगली असते, गजराच्या वेळी ती थोडी मिसळता येते.

सतत घूं असा आवाज येत असेल तर तो आपल्या विजेचा, ५० हर्ट्झचा. नॉच फिल्टरने, म्हणजे ठरावीक सूर तेवढाच कमी करणाऱ्या फिल्टरने, ५० आणि १०० हर्ट्झ उतरवा. पण नॉइज रिडक्शन (खरखर कमी करायची सोय) मात्र फार हलक्या हाताने. टाळांचा आवाज वरच्या पट्टीत पसरलेला असतो आणि प्रोग्रॅमला तो खरखरीसारखाच वाटतो. जास्त लावलंत तर टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे होतात आणि आजोबांचे स, श जातात. कीर्तन थोडं खरखरत ऐकू आलं तर कुणाची तक्रार नसते. त्यांचा आवाज त्यांचा वाटला नाही तर आजींना पहिल्या ओळीतच कळेल.

राइट करण्याआधी तयार झालेलं व्हिडिओ टीएस फोल्डर (यात डीव्हीडीच्या फायली असतात) व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावून सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्हीकडे ओठ बघा. मग डीव्हीडी-आर घ्या, जुन्या प्लेअरना ती सहसा जास्त मानवते, ४एक्स किंवा ८एक्स वेगाने राइट करा आणि फायनलाइज करायला, म्हणजे डिस्क बंद करून इतर प्लेअरना वाचता येईल अशी करायला, विसरू नका. एक प्रत गावी न्या, एक घरी ठेवा.

एवढं करूनही कीर्तनाचा भाग सरकला, तर आयसोबस्टरने काढलेली फाईल मीडियाइन्फोमध्ये उघडा आणि चित्राची लांबी व आवाजाची लांबी, या दोन ओळी इथे खाली लिहा. तिन्ही डिस्कच्या वेगवेगळ्या लिहा. त्या दोन आकड्यांत फरक दिसला तर कुठल्या डिस्कवर गडबड आहे याचा अंदाज बांधता येईल.