वाचकांचे प्रश्न : सिलोनमधील सरकारी सूचना

प्रश्न : ब्रिटिश अमलातील सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) सरकारी हुकूम लोकांपर्यंत कसे पोहोचत?

उत्तर : सिलोन १८०२ मध्ये थेट ब्रिटिश राजसत्तेची वसाहत झाले आणि त्याच वर्षी १५ मार्चला, फ्रेडरिक नॉर्थ गव्हर्नर असताना, सरकारी गॅझेटचा पहिला अंक निघाला. हुकूम आणि नेमणुका यांच्याबरोबर आरंभीच्या काळात त्यात खासगी जाहिराती, तसेच जन्म, विवाह व मृत्यूच्या वार्ताही येत. म्हणूनच ही रूक्ष भासणारी पाने इतिहासाच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावीत, असे मला मनापासून वाटते. खेड्यांत मात्र छापील कागदाचा उपयोग थोडाच होता. तेथे ढोल वाजवून दवंडी देण्याची जुनी रीत चालू राहिली, आणि रोजच्या कारभाराचा मोठा भार गावच्या मुखियावरच होता. हे गॅझेट श्रीलंकेत आजही प्रसिद्ध होते.