नदीची खाडी कुठे होते?

मुरबाडकडच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘आमची काळू नदी पुढे ज्या पाण्याला मिळते त्याला कल्याणात खाडी म्हणतात. नदी संपून खाडी नेमकी कुठे सुरू होते? पाणी खारं असेल तरच खाडी म्हणायचं का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, खारेपणावर जाऊ नका. पावसाळ्यात वरून एवढं गोडं पाणी येतं की खारं पाणी पार खाली रेटलं जातं, म्हणून काही खाडीची नदी होत नाही. खाडी ठरते भरतीवर. आपल्या बोलण्यातच ते आहे: नदीला पूर येतो, खाडीला भरती येते. ‘काळूला भरती आली’ असं मुरबाडात कुणी म्हणणार नाही.

काळू हरिश्चंद्रगड-माळशेजच्या कड्यांवरून उतरते, मुरबाड तालुका ओलांडून टिटवाळ्याला येते आणि वाटेत भातसेचं पाणी घेऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळ पुलावर थोडा वेळ थांबा आणि जलपर्णीचे पुंजके बघा. ओहोटीला ते डोंबिवली-ठाण्याकडे चाललेले असतात. भरती लागली की जागच्या जागी घुटमळतात आणि मग चक्क उलटे, घाटाच्या दिशेने निघतात. पाणी असं मागे फिरतं तिथवर खाडी.

ही हद्द एका जागी राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त वर चढतं, अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कमी. त्यामुळे ‘येथे नदी संपते’ अशी पाटी कुठेच लावता येणार नाही, आणि मला तर त्यातच या शब्दाची खरी गोडी वाटते.

कल्याण बंदर झालं तेही याच भरतीच्या जोरावर. समुद्रापासून इतक्या आत गलबतं पाण्याच्या चढावर येत आणि ओहोटीबरोबर परत जात. हे गाव किती जुनं, तर कान्हेरीच्या प्राचीन लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण घेतलं आणि आरमाराची सुरुवात झाली ती इथेच, दुर्गाडीच्या पायथ्याशी.

ठाण्याजवळ हे पाणी दुभागतं. मोठा प्रवाह घोडबंदरावरून वसईच्या खाडीला जातो, तर कळव्याकडची चिंचोळी वाट ठाणे खाडीत उतरते. ठाणे खाडी म्हणजे मुख्यतः आत शिरलेला समुद्रच, तिच्या डोक्याशी मोठी नदी नाही. मराठीत दोन्हींना खाडीच म्हणतात, आणि भरतीची कसोटी लावली तर ते बरोबरच आहे.

बातम्यांत मात्र गल्लत होते. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तो पूर उल्हास नदीचा. त्याला खाडीचं पाणी म्हणणं चूक. कल्याणात रेतीबंदरच्या वस्तीत पाणी शिरतं तेव्हा वरून पूर आणि खालून उधाण अशी दोन्ही कारणं असू शकतात. तिथे ‘खाडीचं पाणी शिरलं’ हे अगदी योग्य मराठी आहे.